मुलगी कलर गार्डमध्ये गेली, आता कपड्यांचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे महिन्यात निवड जाहीर झाली की माझा फोन वाजायला लागतो. डॅलसच्या उत्तरेला आपल्या मराठी घरांची संख्या वाढली तशी बँडच्या मैदानावर आपली मुलंही वाढली. शाळेकडून कपड्यांचा फॉर्म येतो, त्यात वीस ओळी असतात आणि त्यातल्या निम्म्या आई-बाबांना कळत नाहीत. मी तीन हंगाम आमच्या शाळेच्या बूस्टर क्लबात, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळात, कपड्यांची ऑर्डर सांभाळली. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळले, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

कलर गार्ड म्हणजे ते लष्करातले झेंडेवाले का?

मूळ तिथलंच. ‘कलर्स’ म्हणजे पलटणीचा झेंडा, आणि त्याची राखण करणारे ते कलर गार्ड. पण शाळेतला कलर गार्ड आता त्यापासून फार लांब आलाय. मार्चिंग बँड वाजवतो आणि ही मुलं त्याच संगीतावर नाचतात, साधारण सहा फुटी दांड्याचे झेंडे फिरवतात, लाकडी रायफली आणि बोथट सेबर (बाकदार तलवारी) हवेत उडवून झेलतात. रायफल खरी नसते, नुसता तिच्या आकाराचा लाकडी ठोकळा. हे मुद्दाम लिहिलं, कारण आमच्या सासूबाईंनी फोटो बघून रात्री अकराला फोन केला होता.

कपड्यांच्या दृष्टीने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हंगाम दोन असतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर बँडबरोबर मैदानावर. शुक्रवारी फुटबॉलच्या मध्यंतरात कार्यक्रम, शनिवारी स्पर्धा. मग जानेवारी ते एप्रिल ‘विंटर गार्ड’. तो जिममध्ये, बँडशिवाय, ध्वनिमुद्रित संगीतावर, फरशीवर अंथरलेल्या रंगवलेल्या विनाइलच्या (प्लास्टिकच्या) जाजमावर होतो. १९७७ साली स्थापन झालेली डब्ल्यूजीआय ही संस्था याच्या स्पर्धा भरवते, अंतिम फेरी एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटनला असते. उन्हातल्या डांबरावरचे कपडे आणि जिममधले कपडे एकच ठेवले तर दोन्हीकडे फसगत होते.

फॉर्मवर ‘प्रॅक्टिस वेअर’ आणि ‘स्पिरिट वेअर’ असे दोन रकाने आहेत. फरक काय? एकातच भागत नाही का?

नाही भागत. मी याला सरावाचा कपडा आणि मिरवायचा कपडा म्हणते. सरावाचा कपडा अंगासाठी. घाम, ताण, लोळणं, शंभर धुलाया, हे सगळं त्याने सोसायचं. मिरवायचा कपडा लोकांसाठी: शुक्रवारी शाळेत घालायचा टीशर्ट, हुडी, टोपी, आई-बाबांचे ‘गार्ड मॉम’, ‘गार्ड डॅड’वाले शर्ट.

गोंधळ असा होतो की क्लबवाले पैसे वाचवायला एकच शर्ट दोन्ही कामांना काढतात. मग तो पुढे-मागे भरगच्च छापलेला, जाड, सुती शर्ट ऑगस्टच्या दुपारी पोरांच्या अंगाला ओल्या पोत्यासारखा चिकटतो. फॉर्म भरताना प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारा, हा कपडा घालून ती रायफल झेलणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर रंग, अक्षरं, लोगो सगळं नंतर. आधी कापड आणि माप.

सरावाच्या कपड्यात नेमकं काय बघायचं?

दुकानात किंवा नमुन्याचा शर्ट हातात आला की तिला घालायला लावा आणि तीन गोष्टी करून घ्या. दोन्ही हात सरळ वर. मग कमरेतून वाकून हात जमिनीला. मग एक पाय लांब टाकून खाली बसणं. हात वर केल्यावर पोट उघडं पडलं, वाकल्यावर गळा लोंबला, बसल्यावर लेगिंग्ज कमरेवरून घसरल्या की तो कपडा नको. पोर आरशासमोर नुसती उभी राहून ‘मस्त आहे’ म्हणेल. त्याला भुलू नका.

आता बारकावे. अंगाबरोबर बसणारा कपडा मागतात तो फॅशनसाठी नाही. हाताची आणि पाठीची रेषा सरळ आहे का, कोपर वाकलंय का, हे शिकवणाऱ्याला लांबून दिसायला हवं. ढगळ शर्टात ते लपतं. शिवाय झेंड्याचा दांडा कमरेजवळून, काखेखालून फिरतो, आणि सैल कापड त्यात हमखास अडकतं.

हुडीचं तर विचारूच नका. गळ्याच्या दोऱ्या, पाठीवरची टोपी, पुढचा मोठा खिसा, तिन्ही घातक. माझ्याच लेकीची रायफल फिरता फिरता त्या पुढच्या खिशात घुसली, आणि कुंदा थेट हनुवटीवर. टाके पडले नाहीत, पण आठवडाभर निळी हनुवटी घेऊन फिरली. थंडीत सरावाला हुडी नको. अंगाला बसणारं, पूर्ण झिपचं, बिनटोपीचं जॅकेट द्या आणि झिप वरपर्यंत लावायला सांगा.

लेगिंग्ज काळ्या, कमरेला रुंद पट्टा असलेल्या. मांडीवर फोनचा खिसा असेल तर असू दे, पण सरावात त्यात फोन नको. रायफल नेमकी त्याच जागेवरून जाते. घेण्याआधी खिडकीपाशी उन्हात खाली बसवून बघा. दुकानाच्या दिव्याखाली काळं दिसणारं कापड टेक्ससच्या उन्हात आरपार दिसतं. फिकट शर्टाखाली त्वचेच्या रंगाची स्पोर्ट्स ब्रा लागते, हेही मुलीला आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी मैदानावर कळलं की ती बिचारी दिवसभर हात आखडून नाचते.

सुती चांगलं की पॉलिएस्टर? आपल्याकडे तर उन्हाळ्यात सुतीच घालतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात आपण सावलीत बसून सुती घालतो! इथे पोरं ऑगस्टच्या बँड कॅम्पमध्ये, म्हणजे शाळेआधीच्या सराव शिबिरात, तापलेल्या पार्किंगवर सकाळपासून असतात. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. तासाभरात शर्ट जड होतो आणि मग सुकतच नाही. पातळ पॉलिएस्टर घाम पसरवतं, लवकर वाळतं. त्याचा दोष एकच, वास धरतं. ज्यांना पॉलिएस्टरने अंगावर पुरळ येतं त्यांच्यासाठी सुती-पॉलिएस्टर मिश्रण बरं.

इथले छपाईवाले कापडाचं वजन औंसात सांगतात, म्हणजे एका चौरस यार्डाला किती औंस. आपल्याकडचं जीएसएम (एका चौरस मीटरला किती ग्रॅम) काढायचं असेल तर ३४ने गुणा. ४.२ औंस म्हणजे साधारण १४० जीएसएम, ६ औंस म्हणजे दोनशेच्या जवळपास. सरावाला पहिला घ्या. दुसरा मिरवायला ठीक, धुऊन धुऊन आकार टिकतो.

रंग? काळा गार्डचा लाडका, पण उन्हात भट्टी. पांढरा घामाने आणि पावसाने पारदर्शक होतो. राखाडीवर घामाचे डाग नकाशासारखे उमटतात. आम्ही शेवटी फिकट निळ्यावर आलो, आणि तक्रारी थांबल्या. म्हणजे रंगाबद्दलच्या थांबल्या.

छपाईच्या इतक्या पद्धती आहेत. आम्हाला त्यातलं कळायची गरज आहे का?

थोडी आहे, कारण पैसे तिथेच जातात आणि कपडाही तिथेच बिघडतो.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा पडदा, म्हणजे जाळीची चौकट, बनवावा लागतो. समजा एका पडद्याचे २५ डॉलर लावले. पाच रंगांचं चित्र म्हणजे १२५ डॉलर, आणि शर्ट फक्त २४ असतील तर शर्टामागे पाच डॉलरच्या वर निव्वळ पडद्यांचे गेले. तेच चित्र एका रंगात आणलं तर डॉलरभर. गार्डमध्ये मुलं थोडी असतात, म्हणून एक किंवा दोन रंगांतच चित्र बसवा. चांगल्या चित्रकाराला एक रंग पुरतो.

सब्लिमेशनमध्ये रंगाची वाफ होऊन ती धाग्यातच मुरते. हाताला काही लागत नाही, तडे जात नाहीत, कापडाचा श्वास बंद होत नाही. सरावाच्या शर्टाला यासारखं काही नाही. पण ते फक्त पॉलिएस्टरवर आणि पांढऱ्या किंवा फिकट रंगावरच चालतं. आधीच शिवलेल्या शर्टावर पूर्ण छपाई केली तर काखेपाशी घडी राहते तिथे पांढऱ्या रेघा उरतात. हात वर केले की नेमक्या त्याच दिसतात, आणि कलर गार्डमध्ये हात वरच असतात.

फिल्मवरून उष्णतेने चिकटवायची छपाई थोड्या नगांना स्वस्त पडते, पण छातीभर मोठा ठोकळा लावला तर अंगावर प्लास्टिकची पिशवी बांधल्यासारखं होतं. नावं, आकडे, छोटा लोगो एवढ्यापुरती ठीक. भरतकाम जॅकेटवर आणि टोपीवर शोभतं. पातळ टीशर्टवर कापड गोळा होतं.

आता आमची फजिती. पहिल्या वर्षी मरून पॉलिएस्टरवर पांढरी अक्षरं छापून घेतली. डबे उघडले तेव्हा झकास होती. आठवड्याने सगळी अक्षरं गुलाबी! झालं असं की स्क्रीनची शाई पक्की व्हायला सुमारे १६० अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत पॉलिएस्टरमधला रंग सुटून वरच्या पांढऱ्या शाईत चढतो. लाल, मरून कापडांत हे जास्त. छपाईवाला म्हणाला, ‘तुम्ही विचारलं नाहीत.’ तर तुम्ही विचारा: गडद पॉलिएस्टरवर छापताना खाली रंग अडवणारा थर देणार का? आणि एक नमुना छापून आठवडाभर खिडकीत टांगून ठेवा.

माप कसं घ्यायचं? फॉर्मवर नुसतं एस, एम, एल आहे.

वयावरून नको, आणि चुलत बहिणीवरून तर मुळीच नको. तिला नीट बसणारा एक टीशर्ट टेबलावर सपाट पसरा. काखेच्या इंचभर खाली एका कडेपासून दुसरीपर्यंत टेप लावा, मग खांद्याच्या उंच टोकापासून खालच्या शिवणीपर्यंत. हे दोन आकडे कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. ‘युनिसेक्स’ आणि ‘विमेन्स’ यांतला एम एकच नसतो, मुलींच्या कटात एक माप वर जावं लागतं. नमुन्याचे शर्ट एका संध्याकाळी शाळेत ठेवून सगळ्यांना घालून बघायला लावलं तर उत्तमच.

नववीत जाणारं पोर मेमध्ये मोजलं आणि ऑगस्टमध्ये शर्ट आला, मधल्या काळात ते दोन इंच वाढलेलं असतं. सरावाचा शर्ट अंगासरशी घ्या, जॅकेट एक माप मोठं. जॅकेट महाग असतं आणि चार वर्षं चालवायचं असतं.

मापाचं एक नाजूक अंग आहे. यादी भिंतीवर लावू नका, ग्रुपवर टाकू नका. कोणाला डबल एक्सएल लागतो हे बाकीच्यांना कळायचं कारण नाही. आणि ऑर्डर अशाच कंपनीची द्या जिच्याकडे त्याच कटात मोठी मापं आहेत, नाहीतर एकटीलाच वेगळ्या कापडाचा शर्ट मिळतो आणि ते रांगेत लगेच दिसतं.

किती जोड घ्यावेत?

वर घालायचे तीन, लेगिंग्ज दोन. टेक्ससमध्ये शाळा सुरू झाली की शाळेच्या वेळेबाहेरचा सराव आठवड्याला ८ तासांत बसवावा लागतो, यूआयएलचा (राज्यातल्या शालेय स्पर्धांची संस्था) नियमच आहे, त्यामुळे तेवढे पुरतात. ऑगस्टच्या कॅम्पचे दिवस मात्र रोज धुणं.

बूट आणि हातमोजे यातच येतात का?

बहुतेक शाळा ते वेगळे मागवतात. बाहेर सरावाला चांगल्या पकडीचे साधे स्पोर्ट्स शूज. जिममध्ये जॅझ शूज किंवा नुसत्या चवड्याला झाकणारे नाचाचे बूट. बाहेर घातलेले बूट विनाइलवर आणू देत नाहीत, खड्याने ते फाटतं. हातमोजे अर्ध्या बोटांचे, आणि ते घट्टच हवेत, घालून सैल होतात. अंगठ्या, बांगड्या, लोंबते कानातले घरी. मनगटावरचा गणपतीचा दोरा चालेल का, हे एका बाबांनी विचारलं होतं. आमच्या शिक्षिकेने त्यावर टेप लावून घे म्हटलं, संपला विषय.

मुलगाही गार्डमध्ये आहे. त्याच्यासाठी वेगळं काही?

ट्रॅक पँट, खाली निमुळती, किंवा काळ्या टाइट्सवर शॉर्ट. वरचा शर्ट तोच. क्लबला एवढंच सांगा की मागवताना सगळा साठा मुलींच्या कटात घेऊ नका, आणि ‘गार्ड गर्ल्स’ असं काही छापू नका. आमच्या एका शर्टावर ते आलं होतं आणि तीन मुलगे वर्षभर तो उलटा घालत होते.

पाठीवर नाव टाकावं का?

सरावाच्या शर्टावर पुढे छोटं पहिलं नाव असलेलं बरं. ऑगस्टमध्ये नव्या मुलांना हाक मारायला शिक्षकांना सोपं जातं. मिरवायच्या कपड्यावर, जो घालून ती मॉलमध्ये फिरणार, त्यावर पूर्ण नाव आणि शाळा दोन्ही एकत्र मला पटत नाही. टोपणनाव टाका. आपल्या नावांची लांबी हाही प्रश्न आहेच. ज्ञानेश्वरी रोमन लिपीत बारा अक्षरं होते. अक्षरामागे पैसे घेणारे असतील तर तिच्या बाबांच्या लक्षात लगेच येतं.

देवनागरीत नाव हवं असेल तर जपून. छपाईवाल्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात. आमच्याकडे ‘शर्वरी’चा नमुना आला तो असा की रफार उतरून पाय मोडलेला र एकटा उभा, आणि शेवटची वेलांटी शेजारच्या अक्षरावर झुकलेली. त्याला काय कळणार, त्याने बरोबर समजून छापलं असतं. म्हणून मजकूर टाइप करून पाठवू नका; अक्षरांच्या बाह्यरेषा करून, चित्र म्हणून पीडीएफ पाठवा आणि नमुना स्वतः, मोठा करून वाचा.

चित्र काय टाकावं? यंदाच्या शोचं नाव, गाण्याची ओळ?

शोचं स्वतःचं नाव असेल तर हरकत नसते. पण गाण्याच्या ओळी, सिनेमाचं पोस्टर, कार्टून यांवर मालकी हक्क असतो. मैदानावर ते गाणं वाजवायची परवानगी शाळेने काढली म्हणजे ते शर्टावर छापून विकायची परवानगी मिळाली असं होत नाही. शाळेचा शुभंकर आणि लोगोसुद्धा स्कूल डिस्ट्रिक्टला (भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला) विचारून. आणि काहीही छापण्याआधी गार्ड डायरेक्टरचा होकार लेखी घ्या. पालकांनी हौसेने परस्पर शर्ट काढले आणि शो बदलला, असंही पाहिलंय.

भारतातून करून आणले तर स्वस्त पडणार नाहीत का?

दरवर्षीचा प्रश्न, आणि विचारणाऱ्याचा भाऊ नेहमी तिरुपूरला कुणाला तरी ओळखतो! माल उत्तम मिळतो, त्यात वाद नाही. होजियरीचं ते गावच आहे. पण हिशोब पूर्ण करा. ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं बिनजकात येण्याची सवलत ऑगस्ट २०२५अखेर बंद झाली. मापं इथल्यापेक्षा लहान येतात. सर्वांत मोठी अडचण वेगळीच: सप्टेंबरात दोन नवी मुलं येतात, एक शर्ट हरवतो, एक फाटतो. तेव्हा दोन नग कोण पाठवणार? इथला छपाईवाला पडदे जपून ठेवतो.

मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचे कुर्ते तिकडून आणले ते छान झाले, हे मान्य. पण ते वर्षातून चार वेळा घालतो. पथकातला भगवा नाचवणाऱ्या मुली गार्डमध्ये फार लवकर रुळतात, हे जाता जाता. फक्त त्यांना दांडा घट्ट पकडायची सवय सोडवावी लागते.

कपड्यांतून क्लबला पैसे उभे करता येतात का?

मिरवायच्या कपड्यांतून, हो. दोन आठवड्यांचं ऑनलाइन दुकान उघडा, ऑर्डर आणि पैसे आधी, छपाई नंतर. साठा करून ठेवला की शेवटी सगळे स्मॉल उरतात. आमच्या गराजमध्ये अजून एक खोकं आहे. सरावाच्या कपड्यावर नफा लावू नका. तो घेणं सक्तीचं असतं, आणि प्रत्येक घराला तो झेपेलच असं नाही. जुन्या मुलांचे आखूड झालेले जॅकेट्स धुऊन एका कपाटात ठेवा, ज्याला हवं त्याने न विचारता घ्यावं.

कॅम्प १ ऑगस्टच्या आसपास सुरू होतो. म्हणजे मापं मेअखेर, चित्र जूनच्या पहिल्या आठवड्यात, नमुना मंजूर जूनच्या मध्यावर. जुलैत निम्मे लोक पुण्याला असतात, तेव्हा कुणी उत्तर देत नाही.

आजी-आजोबा येणार आहेत. त्यांच्यासाठीही घ्यावं का?

जरूर. पण आजी साडीवर टीशर्ट घालणार नाहीत. नोव्हेंबरच्या स्पर्धेला रात्री स्टेडियमवर गारठा असतो, पुढून झिप असलेलं जॅकेट साडीवर छान बसतं आणि तेच त्या पुण्यात मॉर्निंग वॉकलाही घालतात. आजोबांना टोपी. बऱ्याच स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी नेऊ देतात, तर आजींची बटव्यासकटची पर्स आधीच रिकामी करून घ्या, दारात वाद नको.

धुण्याचं काय? वास जात नाही.

उलटे करून, गार पाण्यात, सरावानंतर त्याच दिवशी. पिशवीत ओला गोळा रात्रभर राहिला की मग कठीण. फॅब्रिक सॉफ्टनर पॉलिएस्टरला नको, त्याचा थर बसतो आणि कापड घाम पसरवायचं थांबवतं. वास बसलाच तर पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवा. ड्रायर कमी तापमानावर, किंवा सरळ दोरीवर. एचओए (वसाहतीची घरमालक संघटना) नाक मुरडत असेल तर गराजमध्ये.

चार वर्षांचे शर्ट साठलेत. टाकवत नाहीत.

इथे त्यांची रजई शिवून घेतात, आपण गोधडी शिवतो. लेक बारावीत गेली तेव्हा आईने इथल्या मुक्कामात तिच्या सतरा शर्टांची शिवली. टीशर्टचं कापड ताणतं, म्हणून प्रत्येक चौकोनाच्या मागे आधी चिकटकापड लावा, मगच कापा. गुलाबी अक्षरांचा मरून शर्ट मधोमध घ्यायचा लेकीचा हट्ट होता. इस्त्री मात्र छपाईवरून थेट फिरवू नका, मध्ये जुनं धोतर नाहीतर सुती ओढणी धरा. एक कोपरा आम्ही तसाच जाळलाय.